जर्मनी मागत नाही

शनिवार, ५ ऑक्टोबर २००२. रेडमंड

वैद्य मंडळी पुण्याला परत गेली. आधी नोकरी गेली, दुसरी मिळाली नाही, मग व्हिसाही गेला. जाताना फ्यूटन (घडीचा सोफा), इस्त्रीचं टेबल, सोऱ्या आणि तुळशीची कुंडी आमच्याकडे ठेवून गेले. तुळस इथल्या थंडीत टिकेल असं वाटत नाही, पण खिडकीत ठेवलीय.

त्यांच्या जाण्याने निखिलचा शनिवारचा खेळ अडला. जावई म्हणून त्याला तीन वर्षं ओळखते, इतका हिरमुसलेला पहिल्यांदा पाहिला. शेवटी अनघाच म्हणाली, "अरे, आईला बसवा की. नाहीतरी ती इथेच असते." तो माझ्याकडे बघून नुसता हसला. सासूला कसं सांगणार, बसा म्हणून! मग मीच खुर्ची ओढली.

तर मी आता जर्मन साम्राज्याची वसाहत मंत्री. विसरेन म्हणून लिहून ठेवते. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरलीच नाही असं धरून चालायचं. कैसर गादीवर, वसाहती शाबूत, साल १९३१. जेवणाच्या टेबलावर नकाशा. निखिल चॅन्सेलर. रोहिणी लष्करप्रमुख (जन्म इथलाच, शाळेत इतिहास शिकवते, मराठी समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये). संजय म्हणजे ब्रिटन. नागपूरचा, कॉलेजात निखिलचा ज्युनियर, आता बेलव्ह्यूला राहतो. हुकूम चिठ्ठीवर लिहून, सही करून कडीच्या डब्यात टाकायचा. टेबलावर लिहिलं ते पक्कं. गुप्त बोलणी स्वयंपाकघरात, दोघादोघांनी. तिथे कितीही थापा मारा, चालतं. कैसर म्हणजे एक फासा. सहा पडले की महाराज भडकले.

बोलणी किती वेळ? माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. पूर्वी घड्याळ लावायचे म्हणे. मी ऑगस्टमध्ये आले आणि दर शनिवारी त्याच वेळी कुकर लागायला लागला, तर तोच नियम झाला. मी तिथेच ओट्याशी कोथिंबीर निवडत असते. माझी कुणाला अडचण होत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी काढली, ऐकलेलं कानातच ठेवायची सवय आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

माझ्याकडे पूर्व आफ्रिका, कॅमेरून आणि पॅसिफिकमधली काही बेटं. सगळ्यात मोठी पूर्व आफ्रिका. सिसल, कॉफी, रेल्वे. सिसल म्हणजे आपलं घायपात.

मी विचारलं, तिथे माणसं किती?

निखिल म्हणाला, "आई, माणसं धरलेली नाहीत. कॉम्प्लिकेटेड होतं फार."

रोहिणी म्हणाली, "काकू हॅज अ पॉइंट."

माझ्या शाळेतल्या जर्मन नन, सिस्टर वाल्बुर्गाची आठवण आली. ऱ्हाईनकाठच्या कुठल्याशा गावची. ती लहान असताना वर्गात कैसरची तसबीर होती. एके दिवशी सकाळी शाळेत गेली तर भिंतीवर नुसता फिकट चौकोन. ही गोष्ट ती आम्हाला शिवणाच्या तासाला सांगायची, आणि सांगताना टाके बघायची, आमच्याकडे नाही. निखिलच्या जगात ती तसबीर जागेवर राहिली असती. मग सिस्टर पुण्याला आली असती का? आली नसती तर मला काजं करायला कोणी शिकवलं असतं, आणि काटा कुठल्या हातात धरायचा ते?

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

निखिलची नोकरी गेली. अख्खी टीमच बंद केली. दुपारी घरी आला, बूट काढले, खोका टेबलाखाली ठेवला. त्यात कॉफीचा मग, अनघाचा फोटो, नकाशाचे जुने कागद.

जेवताना आम्हा दोघींना सांगितलं. व्हिसा कंपनीच्या नावावर, कंपनी नाही तर व्हिसा नाही. नव्या कंपनीने लवकर घेतलं तर इथे, नाहीतर वैद्यांच्या वाटेने. अनघा तिच्या व्हिसावर नोकरी करू शकत नाही. वकील म्हणाला, नाताळच्या आत काही जमवा, नंतर मला सांभाळणं अवघड.

"बाहेर कुणालाही नको," निखिल म्हणाला. "शनिवारी तर अजिबात नको."

मी हो म्हणाले.

सोमवार, ४ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

सोमवारचीच दिवाळी, त्यामुळे ज्याला त्याला ऑफिस. संजय संध्याकाळी ऑफिसातून परस्पर आला. चकल्या मी केल्या, सोऱ्या वैद्यबाईंचा. तेल आधी तापेना, मग एकदम धुरावलं, धुराचा अलार्म वाजला, अनघा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होती. संजय म्हणाला, "मावशी, इथे फटाके आतच लागतात."

बोलता बोलता त्यानेच सांगितलं: माझ्या टीममध्ये दोन जागा आहेत, व्हिसाचं कंपनी बघते, पण धड माणूस मिळेना. नाताळच्या आत भरल्या नाहीत तर जागाच काढून घेतील.

अनघाने माझ्याकडे पाहिलं. मी निखिलकडे. निखिल म्हणाला, "चकली अजून एक घे. काट्याची आहे."

संजय गेल्यावर अनघा मोरीत भांडी आपटत होती. "एक वाक्य बोलायचं होतं रे. एकच."

तो म्हणाला, "माझ्या नोट्स वाचून पास झालाय तो."

"मग तर देईलच ना!"

"म्हणूनच नाही मागणार."

मला दोघांचंही कळतं. हे असते तर निखिलच्याच बाजूने बोलले असते. यांनी बदलीसाठी साहेबाकडे शब्द टाकला नाही, म्हणून सात वर्षं मी पुण्यात आणि हे सोलापुरात. रविवारी सकाळच्या गाडीने यायचे, डब्यात शेंगाचटणी.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पूर्व आफ्रिकेत रेल्वेचा संप. (रोहिणीने घटनांची पत्ती ओढली, तीत निघाला.) दार-ए-सलामला आरमार उभं आणि बोटींना कोळसा नाही. रोहिणीला तिथल्याच टांगा बंदरात एक बटालियन उतरवायची होती. "काकू, आय जस्ट नीड युवर सिग्नेचर." वसाहतीत सैन्य उतरवायला वसाहत मंत्र्याची सही लागते, नियमच आहे.

मी केली नाही.

निखिल म्हणाला, "आई, हा खेळ आहे."

मी म्हटलं, ते कळतं. पण मी कुणाच्या तरी वसाहतीतच जन्मले, आमच्या रेल्वेतही संप व्हायचे. माझे वडील तिकीटबाबू होते. माझ्या हातून सही व्हायची नाही.

संजय टाळ्या वाजवायला लागला. "वा मावशी! ब्रिटनकडे झांझिबारला ढीगभर कोळसा पडलाय. मागा की. एक हिवाळा उसना देतो."

खरंच सोपं होतं. रोहिणीही म्हणाली, जस्ट आस्क हिम. पण निखिलने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "जर्मनी मागत नाही."

सगळे हसले. चॅन्सेलरचा आवाज छान लावला होता त्याने. अनघा हसली नाही. ती मोबाइल चार्जिंगला लावायला म्हणून आत गेली ती आलीच नाही.

फासा टाकला. तीन. कैसर शांत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आठवडाभर पाऊस. हा आपल्याकडचा पाऊस नव्हे, याला आवाज नाही, नुसता ओला उजेड. निखिल सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो आणि झोपायच्या खोलीत दार लावून बसतो. फोनवर इंटरव्ह्यू. आज दोन झाले. पहिल्याने व्हिसाचं विचारलं आणि फोन ठेवला. दुसऱ्याने विचारून कळवतो म्हणून सांगितलं.

दारावरून जाताना ऐकू येतं. इंग्लिश किती सुंदर बोलतो. आपण काय काय केलं ते सगळं नीट सांगतो. फक्त शेवटी "मला ही नोकरी हवी आहे" हे म्हणत नाही.

शाळेत दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये पाव दुसऱ्यांदा हवा असेल तर उभं राहून, पूर्ण वाक्यात मागावं लागायचं. मे आय प्लीज हॅव अनदर स्लाइस, सिस्टर. घरी आम्ही असं कधी मागितलं नव्हतं. आई ताटाकडे बघून वाढायची. पहिला आठवडा मी अर्धपोटीच घरी आले. मग एकदा सि. वाल्बुर्गा माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि थांबली. मी मागेपर्यंत हललीच नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज केलं ते बरोबर की चूक माहीत नाही. लिहून ठेवते.

संप चालूच. बोटी अडकल्यात. रोहिणी म्हणाली, आता फॉरेन पॉलिसी कोण करणार? निखिलने वैतागून सांगितलं, "आईंना पाठवा ब्रिटनकडे. मंत्री आहेत, आपल्या जबाबदारीवर काय हवं ते बोलू देत. चॅन्सेलर काही मागणार नाही." आणि नकाशावरच्या आगबोटी सरळ करत बसला.

म्हणून मी आणि संजय स्वयंपाकघरात. मी कुकर चढवला. पहिली शिट्टी होईपर्यंत कोळशाचं बोलले. हिवाळाभराचा उसना कोळसा, बदल्यात संपवाल्यांवर गोळीबार होणार नाही असा लेखी शब्द. संजय मिशीत हसत होता. "मावशी, यात ब्रिटनचा फायदा काय?"

दुसरी शिट्टी झाली. तो इतका जवळ उभा होता, हातात माझीच कोथिंबिरीची काडी, चावत. मला वाटलं, आत्ता नाही तर नाहीच. मी म्हटलं, "संजय, खरं सांगू का. निखिलची नोकरी गेलीय. महिना होईल. तुमच्याकडच्या त्या दोन जागांपैकी एक त्याला मिळाली तर ही मुलं इथे राहतील. तो मागणार नाही. म्हणून मी मागतेय."

सगळं वाक्य बोलले. आवाजही हलला नाही माझा.

संजय असा हसला, असा हसला, की ओट्याला धरून उभा राहिला. "मावशी! बापरे! सिंपथी कार्ड! डायरेक्ट नोकरी! कोळशासाठी जावयाची नोकरी घालवली यार तुम्ही! वैद्यांना कधी जमलं नसतं हे."

मी म्हटलं, नाही रे, खरंच.

"हो हो, खरंच. चेहरा तर बघा! घ्या कोळसा. पूर्ण हिवाळा. नो कंडिशन्स."

तिसरी शिट्टी. गॅस बंद केला म्हणणार होते, इथे गॅस नाही, वीज आहे, तिचं लाल वर्तुळ कितीतरी वेळ तसंच राहतं.

बाहेर येऊन त्याने करार लिहिला, सही केली, डब्यात टाकला. रोहिणी म्हणाली, "काकू! हाऊ डिड यू डू दॅट?" निखिलनेही वर पाहिलं. कौतुकाने. मला त्याच्याकडे बघवेना.

रविवार, १७ नोव्हेंबर

अनघाला सांगितलं नाही. फोन उचलून संजयला पुन्हा सांगावं असं तीनदा मनात आलं. त्याचा नंबर फ्रीजवरच आहे. पण मग ते निखिलच्या पाठीमागे ठरवून केल्यासारखं होईल. काल निदान त्यानेच पाठवलं होतं. ही पळवाट आहे हे मला कळतं.

जावयासाठी सासूने शब्द टाकायचा, आमच्या घरात असं कोणी कधी केलं नाही. आणि केला तोही असा, की तो डाव धरला गेला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

व्हायचं ते झालं. संप मिटला (मजुरी वाढवून, मी सही केली), बोटी हलल्या. संजय खूश होता. पोहे खाता खाता म्हणाला, "निखिल, तुझ्या सासूबाईंना कमी समजू नकोस हां. गेल्या वेळी आत मला काय म्हणाल्या माहितीये? तुझी नोकरी गेली! महिना झाला म्हणे! माझ्या टीममध्ये घे म्हणून! आणि डोळ्यांत पाणी आणायचं तेवढं बाकी होतं!"

रोहिणी किंचाळलीच. "नो! काकू, दॅट इज सो डार्क!"

निखिल हसला. सगळ्यात मोठ्याने तोच हसला. हसता हसता म्हणाला, "जर्मन डिप्लोमसी, बाबा." मग फासा उचलला आणि पाळी नसताना टाकला. सहा. तो नियमात धरायचा की नाही यावर त्या दोघांचा बराच वाद झाला.

मी कुकर लावायला उठले. कोणाची बोलणी नव्हती, तरी.

रविवार, २४ नोव्हेंबर

अनघा फार चिडली. "आई, तू असं कसं केलंस? त्याच्या तोंडावर हसले ते लोक! आणि त्याला त्यांच्यात हसावं लागलं!"

"मी खरं सांगितलं होतं."

"खरं सांगायची जागा होती का ती? तिथे खोटंच बोलतात ना!"

हे मला सुचलंच नव्हतं. बोलणी कुठे होतात ते मला माहीत होतं. नियमही माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेत, याच वहीत मागे. पण माझ्यासाठी ते स्वयंपाकघर होतं.

निखिल माझ्याशी नीट बोलतो. आई, चहा घेतला का. आई, हीटर वाढवू का. त्याने रागावावं असं वाटतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

इथल्या सणाची सगळीकडे सुट्टी. रस्ते रिकामे, लोकांच्या घरी टर्की. आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, माझी एकादशी नसतानाही. साबुदाणा संपायचा होता.

दुपारी निखिल म्हणाला, "आई, येता का, चक्कर मारून येऊ." अनघा झोपली होती. तळ्याकाठी गाडी लावली. पाऊस पडतच होता, वायपर बंद केल्यावर काच पार पुसट झाली.

मी म्हटलं, "निखिलराव, मी चुकले. बाहेर सांगू नका म्हणाला होतात."

तो म्हणाला, "कोळसा तर मिळाला."

मला हसू आलं आणि रडूही. तो समोर बघतच बोलत होता.

"एक सांगू? संजय तुम्हाला ओळखतच नाही. तुम्ही खोटं बोलत नाही हे त्याला कुठे माहीत. मला माहीत आहे. त्या दिवशी तो सांगत होता ना, तेव्हा मला कळलं की तुम्ही सगळं नीट बोलला असणार. जसं तुम्ही बोलता तसं. मला ऐकायला आलं ते."

मग म्हणाला, "मला जमत नाही हो. घशापर्यंत येतं."

मी त्याला पावाची गोष्ट सांगितली. सिस्टर उभी राहायची ती. तो म्हणाला, "भयंकर बाई असणार." म्हटलं, होती. पण पाव मिळायचा.

परत येताना त्याने विचारलं, तुमची ती सिस्टर, नंतर तिचं काय झालं? मला माहीत नाही. आम्ही मॅट्रिक होऊन गेलो, कोणी पुन्हा विचारायला गेलं नाही. आता वाटतं, जायला हवं होतं.

शनिवार, ७ डिसेंबर

खेळ झाला नाही. संजय कामात. फोनवर म्हणाला, एका जागेवर माणूस घेतला, दुसरीचं पुढच्या आठवड्यात मिटवायचं. अनघाने फोन घेतला होता. तिने फक्त "अच्छा, अच्छा" म्हटलं. जीभ चावून बसली असणार पोरगी.

ज्याने कळवतो म्हटलं होतं त्याचं नाही म्हणून कळलं. व्हिसामुळे.

वैद्यांचा ई-मेल आला. मुलांना पुण्याची शाळा आवडत नाही, मोठी मुलगी वर्गात इंग्लिश बोलते म्हणून हसतात. तुळस कशी आहे विचारलंय. पानं गळालीत. दांडा अजून हिरवा आहे.

निखिलने फ्यूटनचा फोटो काढला. विकायला लागलं तर म्हणून.

शनिवार, १४ डिसेंबर

हे टेबलाशी बसूनच लिहितेय, वसाहतींच्या कागदांमागे लपवून. रोहिणी समोर तिच्या शाळेचे पेपर तपासतेय.

संजय आला तेव्हा मी नेहमीसारखा कुकर चढवला आणि कोथिंबीर काढली. निखिल आत आला. मला म्हणाला, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" चार महिन्यांत या स्वयंपाकघरातून मला कोणी बाहेर जा म्हटलं नव्हतं. मी हात पुसले.

संजय आत जाता जाता म्हणाला, "काय रे, आता जर्मनीला काय पाहिजे? आम्ही कोळसा दिला ना!" आणि दार लावलं गेलं. या घरात स्वयंपाकघराला दार आहे हेच मी विसरले होते. मागे कॅलेंडर अडकवलेलं असतं.

अनघा जिन्यात बसलीय. वर जायचं म्हणून उठली, अर्ध्यावर बसली.

पहिली शिट्टी. आतून संजयचं हसणं.

रोहिणीने विचारलं, "काकू, व्हॉट आर दे निगोशिएटिंग? इट्स नॉट इव्हन हिज टर्न." मी म्हटलं, मला ठाऊक नाही. एक्स्चेंजमध्ये हेडफोन काढून ठेवायचो तसं मन काढून ठेवायचा प्रयत्न केला. जमत नाही. भिंत पातळ आहे.

दुसरी. हसणं थांबलंय. मग निखिलचा आवाज, हळू, पण चॅन्सेलरचा नव्हे, त्याचा स्वतःचा.

"संजय, मला..."

आणि तिसरी शिट्टी. पुढचं काही ऐकू आलं नाही.

तीन झाल्या. नियमाने बाहेर यायला हवं. रोहिणी दाराकडे बघतेय. अनघा जिन्यात उभी राहिली.

चौथी झाली. आत कोणी बटण बंद करेना. भात लागला असणार खाली. लागू दे.